नाथांच्या गोष्टीतलं गाढव

मुलांसाठी लिहिणाऱ्यांच्या संमेलनात अध्यक्षाने वर्षभरातल्या पुस्तकांचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. ती आज मोडतो आहे, क्षमा असावी. एक तक्रार कैक वर्षं मनात साठली आहे आणि ती मांडायला याहून योग्य जागा मला मिळणार नाही. आपल्या मुलांच्या पुस्तकांत पानोपानी प्राणी आहेत, पण त्यांतला खरा प्राणी शोधू गेलं तर क्वचितच सापडतो. सापडतात ती कोल्ह्याचं, सशाचं, अस्वलाचं कातडं पांघरलेली माणसं. अशी पुस्तकं हाती देऊन शेवटी ‘मुक्या प्राण्यांवर दया करा’ असं तात्पर्य आपण लिहितो आणि भूतदया शिकवली असं मानतो.

मराठी घरात मुलाच्या कानावर पडणारी पहिली गोष्ट बहुधा चिऊ-काऊची असते. कावळ्याचं शेणाचं घर पावसात वाहून जातं, तो चिमणीच्या दारात कुडकुडत उभा राहतो आणि चिमणी आपल्या बाळाचं न्हाऊमाखू उरकेपर्यंत त्याला ताटकळत ठेवते. काही घरांत सांगतात त्या गोष्टीत तो शेवटी तापलेल्या तव्यावर बसून भाजतो. मूल खदखदून हसतं. मूल क्रूर नसतं. कावळा आळशी आणि हावरा आहे, हे आपणच त्याला आधी पटवून ठेवलेलं असतं. खरा कावळा काटक्या आणि तारेचे तुकडे जमवून झाडाच्या बेचक्यात घरटं बांधतो. त्यात कोकिळा आपलं अंडं घालून जाते आणि कावळ्याची जोडी ते परकं पिल्लू भरवून वाढवते. जिच्या गळ्याचं कौतुक आपण पिढ्यान्‌पिढ्या केलं, त्या कोकिळेचा तो प्रसिद्ध ‘कुहू’ही तिचा नाही, नराचा आहे. इतकं विलक्षण नाट्य दाराबाहेरच्या झाडावर घडत असताना आपण मुलाला शेणाच्या घरातच का अडकवून ठेवलं?

या सवयीचं मूळ जुनं आहे. तंजावरला सरफोजी राजांच्या छापखान्यात १८०६ साली इसापच्या गोष्टी ‘बालबोध मुक्तावलि’ या नावाने मराठीत छापल्या गेल्या. १८२८ मध्ये सदाशिव काशिनाथ छत्र्यांची इसापनीती आली. म्हणजे छापील मराठीत मुलांसाठी प्राणी आले तेच माणसांचे गुणदोष वाहायला. यात इसापचा किंवा पंचतंत्रकार विष्णुशर्म्याचा दोष नाही. राजपुत्रांना राजनीती शिकवायला विष्णुशर्म्याने सिंह आणि कोल्हे वापरले; सिंहाची ओळख करून देतो, असं त्याने कधी म्हटलं नाही. ते आपण म्हणतो. ‘प्राणिप्रेमाची पुस्तकं’ अशी पाटी लावून आपण त्याच गोष्टी पुन्हा मांडतो.

यावर आपल्यातल्या कित्येकांचा पहिला आक्षेप ठरलेला आहे: मुलांना कल्पना लागते, आणि ससा खरोखर चष्मा लावत नाही एवढं त्यांना कळतं. एवढं कळत असेलही. पण टोरांटोच्या संशोधकांचे दोन अभ्यास पाहावेत. २०१४ च्या अभ्यासात असं दिसलं, की माणसासारखे वागणारे-बोलणारे प्राणी पुस्तकात भेटले, की लहान मुलं खऱ्या प्राण्यांनाही माणसाचे गुण चिकटवू लागतात आणि त्यांच्याविषयीची खरी माहिती कमी उचलतात. २०१७ च्या अभ्यासात चार ते सहा वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याची एकच गोष्ट दोन प्रकारे वाचून दाखवली. पात्रं माणसांची होती तेव्हा मुलं अधिक उदार झाली. माणसासारख्या प्राण्यांची होती तेव्हा तसा फरक पडला नाही. म्हणजे ज्या तात्पर्यासाठी आपण प्राण्याला कपडे चढवतो, ते तात्पर्यसुद्धा त्या वाटेने नीट पोचत नाही. दोन अभ्यासांनी वाद मिटला असं मी म्हणणार नाही, पण आता पुरावा मांडण्याची पाळी आपली आहे.

प्राण्याने बोलूच नये, असा माझा हट्ट नाही. १८७७ साली ॲना स्यूअलचं ‘ब्लॅक ब्यूटी’ प्रसिद्ध झालं. त्यातला घोडा अथपासून इतिपर्यंत बोलतो, पण बोलतो ते घोड्याचंच. तोंडातल्या लोखंडी कडीचा जाच, निसरड्या रस्त्यावर घसरणारे खूर आणि गाडी ऐटदार दिसावी म्हणून मान वर ताणून धरणारा पट्टा, ज्यामुळे चढावर ओझं ओढताना त्याला मान खाली घालता येत नाही. स्यूअलबाईंनी ते लिहिलं घोडे सांभाळणाऱ्यांसाठी. मुलांनी ते आपलं करून घेतलं. त्या पट्ट्याविरुद्धच्या चळवळीला या पुस्तकाने बळ दिलं. ‘दया करा’ असं नुसतं सांगून हे झालं नसतं. दुखतं कुठे, हे त्यांनी दाखवलं.

प्राण्याचं दुखणं असं त्याच्या बाजूने पाहणं हे पाश्चात्त्यांचं खूळ आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकनाथांची आख्यायिका आठवावी. रामेश्वरासाठी आणलेलं कावडीतलं गंगाजल नाथांनी तळमळणाऱ्या गाढवाच्या मुखी घातलं. त्या गोष्टीत गाढव एक शब्द बोलत नाही, कुणाला शहाणपण शिकवत नाही. त्याला तहान लागली आहे, एवढंच. नाथांना ती तहान दिसली. गोष्टीचं सारं सामर्थ्य त्यात आहे, आणि आपल्या पुस्तकांत आज नेमकी तीच तहान नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: सापाविषयी ममता शिकवाल तर मूल जीव गमावेल. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं दगावली असा अंदाज आहे. त्यांत शेतावर राबणारी माणसं आणि मुलं मोठ्या संख्येने होती. म्हणूनच नागपंचमीला दूध पिणारा नाग चित्रात दाखवणं मला अक्षम्य वाटतं. दूध हे सापाचं अन्न नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांना जे मूल ओळखतं, ते स्वतः सांभाळून राहील आणि निरुपद्रवी धामणीवर काठीही उचलणार नाही. तिसरा आक्षेप शेतकऱ्याच्या मुलाचा. ज्याच्या घरी बोकड कापला जातो, बैल विकला जातो, त्याला शहरातल्या लाडक्या कुत्र्याच्या गोष्टी काय कामाच्या? हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे मळतात, कारण वर्षभर जू त्या खांद्यांवर असतं. त्या खांद्यांविषयी लिहा. विकलेल्या बैलाच्या रिकाम्या दावणीविषयी लिहा. मुलाला ते झेपतं.

संविधानाच्या ५१-क अनुच्छेदात सजीवांविषयी दयाबुद्धी बाळगणं हे १९७६ च्या घटनादुरुस्तीपासून नागरिकाचं मूलभूत कर्तव्य आहे. त्याला शोभतील अशी पुस्तकं मराठीत व्हायला हवीत: प्राण्यांचे अभ्यासक आणि लेखक एकत्र बसून केलेली, चित्रकाराने प्रत्यक्ष प्राणी पाहून काढलेली. त्याचा आराखडा एका भाषणात होणारा नाही. सुरुवातीला एकच पुस्तक मागतो. गाढव हा शब्द आपण शिवी म्हणून वापरतो. ते हट्टी ठरलं आहे, कारण भ्यालं की घोड्यासारखं उधळण्याऐवजी ते पुष्कळदा जागच्या जागी थिजतं, आणि तेव्हाच त्याच्या पाठीत काठी बसते. वीटभट्टीवर विटा वाहणाऱ्या अशा एका गाढवाचा एक दिवस, सकाळपासून रात्रीपर्यंत, कुणीतरी आठ वर्षांच्या मुलासाठी लिहावा. शेवटी तात्पर्य घालू नये.