वकिली की शिक्षकी?



यवतमाळातील एका वकील गृहस्थांनी अलीकडेच आपली अडचण मजपाशी बोलून दाखविली. त्यांच्या मुलाने वकिलीची सनद मिळविली आहे. वडिलांची चालती वकिली आणि वर्षानुवर्षांची अशिले त्याची वाट पाहत आहेत. परंतु चिरंजीवांच्या मनात बी. एड. होऊन झरी जामणीकडील एखाद्या माध्यमिक शाळेत शिक्षक व्हावयाचे आहे. "त्यास आपण चार शब्द सांगा," असे वडील म्हणाले. ते शब्द मी आज येथेच सांगतो. कारण ही अडचण एकाच घरची नव्हे. आपल्या मुलास शिकविणारे गुरुजी उत्तम असावेत, असे प्रत्येकास वाटते. मात्र आपला मुलगा गुरुजी होऊ नये, असेही वाटते!

या जिल्ह्यात याच्या उलट वाटेने गेलेले एक थोर पुरुष होऊन गेले. वणीस १८८० मध्ये जन्मलेले लोकनायक बापूजी अणे हे प्रथम अमरावतीच्या काशीबाई हायस्कुलात शिक्षक होते; पुढे शाळा सोडून त्यांनी यवतमाळास वकिली आरंभिली. म्हणून त्यांची देशसेवा उणी झाली काय? १९३० मध्ये पुसदच्या जंगल सत्याग्रहात तुरुंगवास पत्करणारे अणे वकीलच होते. तेव्हा शिक्षक तेवढा त्यागी आणि वकील तेवढा धनलोभी, ही वाटणी खोटी आहे.

आता दुसरे उदाहरण घेऊ. वऱ्हाडातील अकोल्यास शिकून पुण्यास गेलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी अत्यंत दारिद्र्यात विद्या संपादिली. मोठा पगार मिळविण्याची योग्यता अंगी आली, तेव्हा त्यांनी आपल्या आईस पत्राने कळविले की, पोटापुरत्या पैशावर संतोष मानून मी उरलेला वेळ लोकांच्या हितासाठी वेचणार आहे. त्यांच्या जोडीस टिळक होते. त्यांनीही कायद्याची पदवी घेऊन शिक्षकी पत्करली होती. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली; तिच्या आजीव सभासदांस दरमहा अवघे ७५ रुपये मिळत.

परंतु कथा येथे संपत नाही. वेतन किती असावे, बाहेरची मिळकत करावी की नाही, यांवरून याच त्यागी मंडळींत तीव्र मतभेद झाले आणि १८९० मध्ये टिळकांनी संस्था सोडली. वेतनवाढीच्या बाजूस आगरकर होते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. पोटापुरते घेईन, असे आईस लिहिणाऱ्या माणसासही पुढे 'पोटापुरते म्हणजे किती?' हा प्रश्न चुकला नाही. संसार वाढतो, आजारपणे येतात, आणि त्यागाच्या स्तुतीने वाण्याचे बिल भागत नाही.

म्हणून त्या तरुणास माझे पहिले सांगणे हे की, भावनेच्या भरात नव्हे, तर हिशेब मांडून निर्णय कर. महाराष्ट्रात नव्या शिक्षकास पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून काढावी लागतात. माध्यमिक शाळेतील त्याचे दरमहा मानधन आधी ८,००० रुपये होते. ते २०२३ मध्ये १८,००० झाले. एवढ्यात तुझे आणि उद्या तुझ्या पत्नीचे भागेल काय? तिची संमती गृहीत धरून केलेला त्याग हा अर्धा तिच्या पदरचा असतो.

दुसरे सांगणे कामाविषयी. झरी जामणी, केळापूर या भागांत कोलाम समाजाची वस्ती आहे. तेथील कित्येक मुलांची घरची बोली कोलामी. शाळेची भाषा मराठी. मूल गप्प बसते ते मठ्ठ म्हणून नव्हे, तर शब्द परका म्हणून, हे ओळखून त्याची बोली स्वतः शिकण्याची तुझी तयारी आहे काय? असेल, तर तू वकिली सोडीत नाहीस. ज्याची बाजू मांडावयास कोणी नाही, अशा अशिलाचे वकीलपत्र घेत आहेस. ती नसेल, आणि केवळ कोर्टाच्या दगदगीचा कंटाळा म्हणून शाळेकडे वळत असशील, तर कृपा करून वळू नकोस. कंटाळलेला वकील एक खटला घालवितो. कंटाळलेला शिक्षक एक संबंध वर्ग घालवितो.

राहता राहिले वडील. त्यांस मी एवढेच विनवितो की, मुलाने हिशेब नीट मांडला असेल, तर त्याची वाट अडवू नका. त्याबरोबरच, शिक्षकाने त्यागी असावे असे म्हणत त्याचे वेतन अपुरे ठेवणाऱ्या समाजापुढे आपली वकिली खर्च करा. स्वखुशीने कमी घेणे हा शिक्षकाचा मोठेपणा खरा. परंतु त्यास कमी देणे हा आपला मोठेपणा नव्हे.

मुलगा कोणती वाट धरतो, हे मला अद्याप कळलेले नाही. त्याने हिशेबाची वही मात्र उघडली आहे, असे त्याचे वडील परवा म्हणाले, आणि त्यांच्या स्वरात पूर्वीचा राग नव्हता.