जूनची शाळा, एप्रिलची शाळा

(छत्रपती संभाजीनगर येथे तरुण पालकांसमोर केलेले भाषण)

 

आपल्याकडून अनेक जण नोकरीसाठी आखातात जातात. व्हिसा, तिकीट, पगार, सगळ्याची चौकशी होते. मुलांच्या शाळेची आठवण शेवटी येते.

आपली शाळा जूनमध्ये उघडते. जेद्दाह, रियाध, दुबईतल्या सीबीएसई शाळांचे वर्ष एप्रिलमध्येच सुरू होते. ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळांचे ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरमध्ये. म्हणजे इथला निकाल घेऊन जूनमध्ये पोहोचलेल्या मुलाचे कित्येक धडे बुडालेले असतात. जागा नसेल तर वर्षच जाते. मुलीचे वर्ष गेले, की ‘आता राहू द्या’ म्हणणारे घरातच भेटतात.

म्हणून प्रवेशाची चौकशी जानेवारीतच करा. एनसीईआरटीची पुस्तके इंटरनेटवर मोफत आहेत, उर्दूतही आहेत. उर्दू माध्यमातल्या मुलाने तोच धडा आधी उर्दूत, मग इंग्रजीत वाचावा. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर कोणाकोणाचे शिक्के लागतात, हे तिथल्या शाळेला लेखी विचारा. सीबीएसईत नववी-दहावी हा दोन वर्षांचा एकच अभ्यासक्रम असतो. दहावीच्या तोंडावर मूल हलवू नका.

आणि परत आलात तर? 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. हा हक्क आहे, मेहरबानी नाही. तो ठामपणे मागा.