चिंच, चिंत आणि हुणसे



भालकी-औरादच्या आठवडी बाजारात एकाच झाडाची चार नावे कानावर येतात. मराठीत चिंच, कन्नडमध्ये हुणसे, तेलुगूत चिंत आणि दखनीत इमली. या नावांची कुळे पाहिली तर आपल्या सीमाभागाविषयी काही कळते.

'इमली'चे मूळ संस्कृत 'अम्लिका'. अम्ल म्हणजे आंबट. 'हुणसे'चे जुने रूप 'पुणिसे'. जुन्या कन्नडमधल्या शब्दारंभीच्या 'प'चा पुढे 'ह' झाला. त्याच कुळातला तमिळ 'पुळि' हा शब्द चिंच आणि आंबट या दोन्ही अर्थांनी चालतो. म्हणजे दोन भाषाकुळांनी या झाडाला त्याच्या चवीवरूनच नाव दिले. अरबांनी मात्र त्याला 'तमर हिंदी', हिंदुस्थानी खजूर म्हटले. त्यावरून पोर्तुगीज 'तामारिंदो' आला आणि 1753 साली लिनियसने 'टॅमॅरिंडस इंडिका' हे नाव रूढ केले. झाड मूळचे आफ्रिकेतले, हे विशेष.

राहिली आपली चिंच. अमरकोशात 'चिञ्चा' आहे, पण तिची उकल संस्कृत धातूतून सहज होत नाही. तेलुगू 'चिंत' मात्र तिच्या अगदी जवळ उभी आहे. म्हणून या शब्दाचे मूळ द्राविड असावे, असे मत मांडले गेले आहे.

आता कलबुर्गी जिल्ह्यातली चिंचोळी घ्या. नावात चिंच दिसली की आपण गाव मराठी ठरवून मोकळे होतो. पण ते तेलंगणाला लागून आहे. तिथे 'चिंत'ही तितकीच घरची. शेवटचा '-ओळी' 'पल्ली'पासून आला असे मानले, तर तोच शब्द कन्नडमध्ये 'हळ्ळी' झाला आहे. मग हे नाव एकट्या कोणाचे म्हणायचे?

1956 साली जुन्या बीदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मराठी मुलखात गेले, जहीराबाद-नारायणखेड आंध्रात, उरलेला भाग म्हैसूर राज्यात. तालुके वाटता आले. झाडांची नावे वाटता आली नाहीत. गावाच्या नावाचा सातबारा करून भांडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

शिक्षकांना एक विनंती. मुलांना आपल्या शिवारातल्या झाडांची नावे घरातल्या, शेजारच्या आणि बाजारातल्या भाषांत लिहून आणायला सांगा. कोणते नाव खरे, हे विचारू नका. कोणते नाव कोणाच्या तोंडून ऐकले, एवढे मात्र जरूर लिहून घ्या. आपल्या मराठीचे शेजारी कोण, हे त्या वहीतून मुलांना कळेल.