चुनखडकाचं वय त्याच्या कवचांना विचारा

आपल्या रिसोडकडं विहीर खणताना काळ्या मातीखाली पांढरी चुनखडी लागते आणि कुणीतरी म्हणतंच, "इथं पूर्वी समुद्र होता." तसं नाही हो. पावसाच्या पाण्यात विरघळलेला चुना मातीतच पुन्हा साकळतो, त्याचे ते खडे. त्याखाली आहे तो लाव्हाचा काळा कातळ. माझं आजचं सांगणं एवढंच : नुसता चुना पाहून समुद्र ठरवू नका, काळ तर मुळीच ठरवू नका. आत कवचं आहेत का, ते पाहा.

ही कवचं फोरामिनिफेरांची. जीव एकपेशीय, बहुतेक वाळूच्या कणाएवढे. मऊ दगड भिजवून ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर धुतात आणि उरलेल्या चिमटीतून ओल्या कुंचल्याच्या टोकानं एकेक कवच सूक्ष्मदर्शकाखाली वेचतात.

आता जुन्या वाड्यातलं धान्याचं पेव आठवा. तळाला जुनं, वर नवं. त्यात गावरान ज्वारी निघाली तर साल कळत नाही, ती पिढ्यान्‌पिढ्या पेरलेली. पण 'सीएसएच-१' हायब्रीडचा दाणा निघाला, तर तो थर १९६४ च्या आधीचा असूच शकत नाही. वाण थोडी वर्षं टिकला आणि गावोगाव पेरला गेला असेल, तर साल आणखी नेमकं. फोरामिनिफेरांच्या काही जाती अशाच : थोडा काळ जगल्या, पण महासागरभर पसरल्या. उंदीर खालचा दाणा वर ओढतो, तशी जुनी कवचंही नव्या गाळात वाहून येतात. म्हणून एका दाण्यावर विसंबायचं नाही, सगळा थर चाळायचा.

नागपूरशेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात झिलमिली गाव आहे. तिथं लाव्हाच्या दोन थरांमध्ये गाळ अडकलाय. गेर्टा केलर, सुनील बाजपेयी, धनंजय मोहबे आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये त्यातले समुद्रात तरंगणारे फोरामिनिफेरा जगापुढे मांडले. जाती डायनोसॉर संपल्यानंतर लगेचच्या, म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या. आजचा किनारा तिथून शेकडो किलोमीटरांवर! खारं पाणी नर्मदा-तापीच्या खोलगट पट्ट्यातून आत शिरलं असावं, असं त्यांचं म्हणणं. चिमूटभर कवचांनी काळही सांगितला आणि नकाशाही.

उलट आपलीच पैनगंगा पाहा. ती पुढं वणीकडं जाते. तिच्याच नावाच्या 'पैनगंगा समूहा'तला चुनखडक समुद्रातच साचलेला. पण त्यात एकही फोरामिनिफेरा मिळायचा नाही, कारण तो ५४ कोटी वर्षांहून जुना, या जीवांच्या आधीचा. पेव आहे, पण ओळखीचा वाण नाही. तिथं किरणोत्सारी मूलद्रव्यांचा हिशेब मांडावा लागतो, पण ते सांगायला आता वेळ उरलेला नाही.

तरी पुन्हा सांगते, चुना म्हणजे समुद्र नव्हे, कवचं पाहा. विहिरीत दोन काळ्या थरांमध्ये मऊ, पांढरट-हिरवट पट्टा लागला तर तो ढिगाऱ्यावर फेकू नका. मूठभर पिशवीत भरा आणि नागपूर किंवा अमरावती विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागात पोचवा. बोअरची भुकटी नको, तिच्यात वरचं-खालचं मिसळतं. पिशवीवर गावाचं नाव आणि खोली लिहा. खोली लिहिली नाही, तर तो दाणा पेवातल्या कुठल्या थरातला, हे कुणालाच सांगता येणार नाही.