नियम उसने, माणसं आपली



हौसेनं फोटो काढणारे बरेच जण मला विचारतात, ‘मोठ्या छायाचित्रकारांचं काम पाहून भारावून जायला होतं, पण त्यातून आपला प्रकल्प कसा उभा करायचा?’ माझं उत्तर साधं आहे. त्यांच्या फोटोंची नक्कल करू नका, त्यांनी स्वतःला घातलेले नियम शोधा.

जर्मनीच्या ऑगस्ट झांडरनं शेतकरी, कारागीर, कलावंत असे गट पाडून अख्खा समाज टिपायला घेतला. १९२९ साली त्याचं ६० व्यक्तिचित्रांचं पुस्तक आलं. १९३६ मध्ये नाझी राजवटीनं त्याचे छपाईचे ठसे नष्ट केले. त्याच्या फोटोंखाली बहुधा नाव नसे, व्यवसाय असे. अर्व्हिंग पेननं १९५० साली पॅरिसमधले छोटे व्यावसायिक कामाच्या कपड्यांत, अवजारांसह स्टुडिओत बोलावले. मागे साधा पडदा, प्रकाश दिवसाचा. रिचर्ड अ‍ॅव्हेडननं १९७९ ते १९८४ अमेरिकेच्या पश्चिम भागात माणसांमागे फक्त पांढरा कागद लावला. आपल्या सुधारक ओलवे यांनी मात्र मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो ते राबतात तिथेच जाऊन काढले. ती जागा वगळली असती, तर त्या कामाची दाहकता दिसलीच नसती.

मी मध्य प्रदेशातल्या महू छावणीत राहतो. लष्कराच्या आधारानं जगणारे कारागीर हा माझा विषय. गणवेश शिवणारे, पदकांच्या फिती बसवणारे, बूट शिवणारे, केस कापणारे. यातली बरीच दुकानं पुढच्या पिढीत उघडी राहतील असं वाटत नाही. पेनकडून मी पडदा घेतला. दुकानाच्या शटरवर राखाडी चादर टांगतो. वेळ सकाळी आठ ते दहा, सावलीतला उजेड, लेन्स एकच. अवजार ज्याचं त्यानं निवडायचं. पदकं बसवणाऱ्या काकांनी सुई-दोरा नाही, चष्मा निवडला.

झांडरचा एक नियम मात्र मी मुद्दाम मोडला. छावणीत या माणसांना आम्ही जन्मभर ‘दर्जी’, ‘नाई’, ‘मोची’ म्हणूनच हाक मारत आलो. फोटोखालीही तेच लिहिलं, तर वेगळं काय केलं? म्हणून ते सांगतील तसं पूर्ण नाव आधी, काम नंतर.

दुसरी अडचण माझ्या पेशाची. मी कॅमेऱ्यामागे उभा राहिलो की समोरचा आपोआप ‘सावधान’मध्ये येतो. ‘सैल उभे राहा’ म्हटलं, तर तोही हुकूमच होतो. मग कॅमेरा तिकाटण्यावर लावून रिमोटचं बटण त्यांच्याच हाती दिलं. चौकट माझी, क्षण त्यांचा. एका न्हाव्यानं सांगितलं, ‘साब, कैंची नहीं.’ रिमोट मुठीत झाकून, दुसरा हात मोकळा ठेवून तो उभा राहिला. आतापर्यंतच्या ३१ फोटोंत मला तोच सर्वांत जवळचा वाटतो.

तुम्हाला सुरुवात करायची असेल, तर एका छायाचित्रकाराचे तीन नियम कागदावर लिहा. त्यावर दहा माणसांचे फोटो काढा. कोणता नियम तुमच्या माणसांना जाचतो, ते तिथे कळेल. तो बदला आणि का बदलला, तेही लिहून ठेवा. तुमचा प्रकल्प तिथून सुरू होतो. आणि प्रत्येकाला छापील प्रत नेऊन द्या, मोबाइलवर पाठवून भागवू नका.

जय हिंद.