एचआयव्ही बाधितांचे वाढते वजन : दक्षता हवी, भीती नको



एचआयव्ही म्हटले की पूर्वी कृश देह डोळ्यांसमोर येई. १ एप्रिल २००४ पासून शासनाने विनामूल्य औषधोपचार सुरू केले आणि हे चित्र पालटले. नियमित गोळ्या घेणारी व्यक्ती आज संसार सांभाळून दीर्घकाळ जगू शकते.

मात्र आता नवा प्रश्न उभा आहे. उपचारानंतर प्रथम वाढणारे वजन आरोग्य परतल्याचे लक्षण असते. परंतु डोल्युटेग्रॅव्हिरयुक्त गोळ्यांवर काहींचे, विशेषतः स्त्रियांचे, वजन प्रमाणाबाहेर वाढते. त्यातून मधुमेह, रक्तदाब व हृदयविकार उद्भवू शकतात. कंबरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा. नाचणीची भाकरी, पालेभाजी, कडधान्ये आणि रोजचे चालणे हितकारक आहे. वजनाच्या भीतीने गोळ्या मात्र कदापि बंद करू नयेत. विषाणू पुन्हा बळावतो.

नेरळसारख्या गावात सारे एकमेकांस ओळखतात. म्हणून पंचायतीने वजन, रक्तदाब व साखरेची तपासणी सर्वच ग्रामस्थांसाठी ठेवावी. म्हणजे कोणा एकाकडे बोट दाखविले जाणार नाही. बाधितांची माहिती गुप्त राखणे २०१७ च्या कायद्याने बंधनकारक आहे. ती जबाबदारी पार पाडणे हीच खरी ग्रामसेवा होय.