बालमनाला अधिकाराची ओळख
(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



बालसंस्कारांवर चार शब्द बोलावेत अशी आपली आज्ञा झाली. 'आज्ञा' हाच शब्द मी आज विचारासाठी घेते. संस्कार म्हटले की 'मोठ्यांचे ऐकावे' हे वाक्य प्रथम ओठांवर येते. ते का ऐकावे, हे सांगायचे मात्र राहून जाते.

आपल्या रबाळ्याजवळ ठाणे-बेलापूर रस्त्यावर वाहतूक पोलीस हात उंचावतो आणि औद्योगिक वसाहतीतून निघालेला अवजड ट्रक थांबतो. आईचे बोट धरून उभे असलेले पाच वर्षांचे मूल विचारते, "ट्रक एवढा मोठा, मग तो का थांबला?" 'नाहीतर दंड होईल' हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. आपल्याला रस्ता ओलांडता यावा म्हणून सर्वांनी त्या हाताला मान दिला आहे, आणि घरी जाताना त्या पोलिसालाही सिग्नलला थांबावे लागते, एवढे मुलाला सहज समजते. बळ ज्याचे त्याचे असते. अधिकार कामापुरता सोपवलेला असतो.

गुजराती घरांत आदराने घेतले जाणारे नाव म्हणजे गिजुभाई बधेका. वकिली सोडून त्यांनी १९२० मध्ये भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेचे बालमंदिर सुरू केले. मुलांना शिक्षेचे भय दाखवू नये आणि बक्षिसाची लालूचही देऊ नये, असा त्यांचा आग्रह होता. शिक्षेचे आपणांस पटते. बक्षिसाचे चटकन पटत नाही. पण चॉकलेटच्या आशेने सामायिकाला बसलेले मूल शेवटी चॉकलेटचीच आज्ञा पाळत असते!

भावनगरला गिजुभाईंसोबत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली मुले शाळेत येत नसत. कोणी गुरे राखी, कोणी धाकटे भावंड सांभाळी. तेथे हुकूम चालण्याजोगा नव्हता. मग या बाईच पाड्यावर गेल्या आणि झोपडीच्या अंगणात शाळा भरली, ती अंगणवाडी. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. शिक्षकाने आपल्या अधिकाराची खुर्ची सोडली, तेव्हा मूल जवळ आले. केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. आपल्या परिसरातील अंगणवाड्या त्याच योजनेतील आहेत आणि नाव कोसबाडच्या परंपरेतले आहे.

हा प्रश्न केवळ शिस्तीचा नाही. बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्ध २०१२ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. अशा बहुसंख्य प्रकरणांत अपराधी मुलाच्या ओळखीचा असतो. कधी नातलग, कधी शेजारी, कधी शिकविणाराही. ज्या मुलाला प्रत्येक मोठ्या माणसापुढे मान तुकविणे एवढेच शिकविले, ते त्या क्षणी 'नाही' कोणत्या तोंडाने म्हणणार? विनय आणि मुकाट सोसणे यांतील अंतर घरातच दाखवावे लागते. 'मी सांगितले म्हणून' हे आपले उत्तर थोडे कमी झाले, तरी मुलाला प्रश्न विचारण्याची सवय राहते.

संवत्सरीला आपण लहानथोर सर्वांना 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणतो. शेकडो संदेश पाठवितो. ज्या पोराला उगाच चापट मारली, त्याच्यापुढे बसून 'त्या दिवशी तुझे ऐकून न घेताच मारले' असे नेमके सांगणारे वडील किती, हे ज्याने त्याने पाहावे.

पाठशाळेच्या भगिनींना एक विनंती आहे. सभागृहाच्या दाराशी चपला कशा ठेवाव्यात, याचा नियम मुलांनाच ठरवू द्यावा. तो विश्वस्तांनाही लागू असावा. पहिला नियमभंग बहुधा आम्हा मोठ्यांकडूनच होईल. तेव्हा टोकण्याचा अधिकार मुलांकडे असू द्यावा.

जय जिनेंद्र.